शंभरातले अठरा

महाडचं साल कोणालाही विचारा. आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं, १९२७. तारीख विचारली तर १९ आणि २० मार्च. पण त्याच्या आदल्या आठवड्यात बाबासाहेब कुठं होते, काय बोलत होते, असं विचारलं की भले भले कार्यकर्ते गप्प होतात. मीही कितीतरी वर्षं गप्पच होतो.

१२ मार्च १९२७ ला बाबासाहेब मुंबईच्या कायदेकौन्सिलात उभे होते. कौन्सिलात नवेच होते. विषय निघाला शिक्षणाच्या खर्चाचा. तिथं त्यांनी सरकारच्याच अहवालातला आकडा सरकारच्या तोंडावर ठेवला. शाळेत शंभर पोरं दाखल होतात आणि चौथीपर्यंत अठराच पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा अडाण्यांत जमा. पुढं त्यांनी दुसरा हिशोब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करतं. निदान जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणाला लावा, एवढंच मागणं होतं.

हे बोलून झालं आणि आठवड्याच्या आत ते महाडच्या वाटेला लागले.

दोस्तहो, या दोन गोष्टी मी आता वेगळ्या धरत नाही. तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिणं हा एक हक्क. शाळेत नाव लागल्यावर शेवटपर्यंत बाकावर बसून राहणं हा दुसरा. पहिल्या हक्काचे आपण दरवर्षी कार्यक्रम करतो, आणि करायलाच पाहिजेत. दुसऱ्याचा आकडा आपल्याला पाठ नाही. म्हणून हा लेख.

त्याच भाषणात कॉलेजचाही हिशोब होता. सरकारनं मुंबई इलाख्यातल्या लोकांचे चार गट पाडले होते. दर दोन लाख लोकांमागे कॉलेजात किती? पुढारलेले हिंदू एक हजार. मुसलमान बावन्न. मधल्या जाती चौदा. आणि आपण? शून्य. फार तर एखादा. हा एखादा कोण, हे त्या कौन्सिलातल्या प्रत्येकाला दिसत होतं, कारण तोच उभा राहून बोलत होता.

आता त्या एखाद्याचीच गोष्ट घ्या. बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक झाले, १९१२ ला बी. ए. झाले, १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. इथवर आपल्याला पाठ आहे. पण १९१६ ला ते लंडनला गेले, आणि १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून माघारी यावं लागलं. लंडनच्या विद्यापीठानं चार वर्षांत परत येण्याची मुभा दिली होती, तेवढा धागा शिल्लक राहिला. मग बडोद्याची नोकरी, तिथला अपमान, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पोटाला चिमटा घेऊन पैसा जमवणं, थोडी शाहू महाराजांची मदत, आणि १९२० ला पुन्हा बोट. १९२३ ला डी. एस्सी. हातात आली.

म्हणजे १९१७ ते १९२० या तीन वर्षांत कोणी लंडनच्या रजिस्टरवरून हिशोब काढला असता, तर भीमराव रामजी आंबेडकर हे नाव कोणत्या रकान्यात पडलं असतं? अर्ध्यातून गेलेल्यांच्या. कारण काय? पैसा संपला. डोकं संपलं नव्हतं.

मी जेव्हा जेव्हा ‘गळती’ हा शब्द वाचतो, तेव्हा मला ही तीन वर्षं आठवतात. गळती म्हटलं की छपराची आठवण होते. पाऊस पडतो, पाणी गळतं, दोष कोणाचाच नाही. पण पोरगं आपोआप गळत नाही. ते गाळलं जातं. कोणत्या भोकातून गाळलं गेलं ते शोधलं तर भोक बुजवता येतं. बाबासाहेबांनी आयुष्यभर हीच भोकं शोधली. त्यांच्या संस्थांची यादी आपण म्हणतो, पण ती कशासाठी होती हे बघत नाही.

बघा. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. पुढच्याच जानेवारीत, १९२५ ला, सोलापूरला बोर्डिंग. आधी बोर्डिंग. का? कारण खेड्यात प्राथमिक शाळा असली तरी पुढची शाळा तालुक्याला. तालुक्याला आपल्याला खोली कोण देणार? खानावळीत ताट कोण लावणार? फी माफ असून काय कामाचं, रात्री अंग टाकायला जागा नसेल तर? कोल्हापूरला शाहू महाराजांनी हीच गोष्ट आधी ओळखली होती. १९०८ च्या सुमारास तिथं अस्पृश्य मुलांचं मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं होतं.

मग १९४२ ला व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी शिष्यवृत्तीची मागणी रेटली. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींच्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले. आज आपण जिला भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतो, तिचं मूळ तिथं आहे. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, आणि त्यात सकाळचे वर्ग. सकाळचे का? कारण गिरणीत, कचेरीत, गोदीत काम करणारं पोरगं दुपारी कॉलेजात बसूच शकत नाही. घड्याळ कॉलेजनं बदलायचं, पोरानं नोकरी सोडायची नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती सुचायला उपाशी राहून शिकलेला माणूस लागला.

आणि १९५० च्या जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज. पुढं त्याचं नाव मिलिंद, परिसराचं नाव नागसेनवन. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली नव्हती. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठसुद्धा नव्हतं. ते १९५८ ला झालं, तोवर सगळा कारभार हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा. असल्या मुलखात बाबासाहेबांनी कॉलेज काढलं आणि कॉलेजच्या अंगणात वसतिगृहं बांधली.

आता आमच्या देऊळगाव राजाकडं येतो.

आमचं गाव वऱ्हाडच्या अगदी काठावर. जालना जवळ, जिल्ह्याचं ठाणं बुलढाणा लांब. मधली रेघ जुनी आहे. १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं तेव्हापासून अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचा. पुढं अलीकडे नागपूर विद्यापीठ, पलीकडे उस्मानिया आणि नंतर मराठवाडा. आमची पोरं नियमानं नागपूर विद्यापीठाची, पण नागपूर म्हणजे आम्हाला परदेश. जवळ होतं ते नागसेनवन. म्हणून आमच्या भागातल्या, आधीच्या पिढीच्या शिकलेल्या माणसाला विचारा, कुठं शिकलास? बहुतेक जण हद्द ओलांडून पूर्वेचं सोडून पश्चिमेला गेलेले निघतील. बाबासाहेबांनी कॉलेज मराठवाड्यासाठी काढलं, पण त्याची सावली आमच्यावरही पडली.

सावली सगळ्यांना पुरली नाही, ते आता सांगतो.

१९७४ च्या जूनमध्ये आमच्या तालुक्यातली आम्ही सहा पोरं मॅट्रिक होऊन मराठवाड्यातल्या एका कॉलेजात गेलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. जे घडलं ते तेव्हा कुठंही घडत होतं. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या मायबापांनी खडी फोडून, सुकडी खाऊन आम्हाला मॅट्रिकपर्यंत आणलं होतं. एस. टी. च्या टपावर सहा वळकट्या आणि दोन ट्रंका. आम्ही सहा जण, ट्रंका दोनच.

सहांतला माझा सोबती गणितात आमच्या सगळ्यांचा गुरू होता. बाप पाटलाकडे सालदार. पोरगं कॉलेजात गेलं म्हणून बापानं वस्तीत गूळ वाटला होता.

पहिलं वर्ष कसंतरी निघालं. दुसऱ्या वर्षी मेसचं बिल तुंबलं. शिष्यवृत्ती मंजूर होती. कागदावर होती. पण ती यायची वर्षाच्या शेवटी आणि मेसवाला पैसे मागायचा महिन्याच्या शेवटी. या दोन शेवटांच्या मध्ये जे अंतर आहे ना, दोस्तहो, त्यात आपल्या किती पोरांची आयुष्यं पडली याची मोजदाद कुठल्याच अहवालात नाही. फेब्रुवारीत मेसच्या फळ्यावर थकबाकीदारांची नावं लागली. त्याचं नाव वरून तिसरं. त्याच आठवड्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा होता.

तो म्हणाला, “घरी जाऊन येतो. माय काही तरी करन.”

मी म्हणालो, “लवकर ये. फॉर्मची तारीख जवळ आली.”

“येतो ना बे. जातो आन येतो.”

तो गेला. घरी बाप तापानं अंथरुणाला. पाटलाकडून उचल आधीच खाल्लेली. बापाच्या जागी पोरगं उभं राहिलं. आठ दिवसांसाठी म्हणून राहिलं.

मार्चच्या अखेरीला शिष्यवृत्ती आली. आम्ही रांगेत उभे. कारकून एकेक नाव पुकारायचा, पोरगं पुढं जाऊन सही करायचं. माझ्या सोबत्याचं नाव त्यानं तीनदा पुकारलं. मी रांगेतच होतो. मी काय बोललो? काही नाही. गैरहजर म्हणून शेरा मारून त्यानं पुढचं नाव घेतलं. ती रक्कम सरकारला परत गेली. मला आलेल्या पैशातून मी मेसचं बिल भरलं, एक पँट शिवली. गावाकडं एक पोस्टकार्ड टाकायला मला पंधरा दिवस लागले. तोवर फॉर्मची तारीख निघून गेली होती.

पुढं एकदा काही कामानं कॉलेजचं रजिस्टर माझ्या हाती आलं. त्याच्या नावावर तांबड्या शाईची रेघ होती. बाजूला लिहिलेलं, “नाव कमी केले. कारण : सतत गैरहजर.”

एवढंच. बापाचा ताप नाही, पाटलाची उचल नाही, मेसचा फळा नाही, उशिरा आलेली शिष्यवृत्ती नाही, आणि रांगेत गप्प उभा राहिलेला मीही नाही. पुढं कधी कोणी संशोधकानं त्या रजिस्टरवरून आकडा काढला असेल, तर त्यात तो एक गळालेला दलित विद्यार्थी झाला असेल. गाळणारे कोण, त्याला रकाना नव्हता.

आम्ही सहांतले दोघेच बी. ए. झालो. १९७८ साल.

आणि १९७८ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं ते मला ठाऊक आहे. २७ जुलैला विधिमंडळात ठराव झाला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. त्यानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना जिवंत ठेवलं नाही. वसतिगृहातली पोरं ट्रंका टाकून गावाकडं पळाली. गावात घर जळालेलं. त्या वर्षी परीक्षेला न बसलेली पोरंही ‘सतत गैरहजर’च लागली असतील.

पुढच्या वर्षी, ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च निघाला. तो आमच्याच मुलखातून चालला. विदर्भ संपून मराठवाडा लागायच्या तोंडावर, खडकपूर्णा नदीवर पोलिसांनी तो अडवला. लाठ्या झाल्या, अटका झाल्या. तेव्हा आम्ही शपथा घेतल्या. नावासाठी सोळा वर्षं लढलो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या लढ्याची किंमत मी कमी करत नाही. ज्यांनी ती मोजली त्यांच्या घरात मी बसलो-उठलो आहे.

पण आता म्हातारपणी एक प्रश्न स्वतःलाच विचारतो, आणि तुम्हालाही विचारतो. विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव यावं म्हणून आपण जेवढे पेटलो, तेवढे त्या कमानीखालून आत गेलेल्या शंभर पोरांतली किती पदवी घेऊन बाहेर आली, हे विचारायला कधी पेटलो का? नाव मागितलं, जागा मागितल्या, बॅकलॉग मागितला. हे सगळं बरोबरच. पण रजिस्टर मागितलं नाही. ज्या बाबासाहेबांनी महाडच्या आधी रजिस्टर मागितलं, त्यांचे आपण अनुयायी.

आमच्या तालुक्यात मेहुणाराजा आहे. चोखोबांचं जन्मगाव म्हणून ते सांगितलं जातं. खडकपूर्णेच्या धरणालाही त्यांचंच नाव, संत चोखासागर. चोखोबांची भक्ती आपल्या कामाची नाही, ते बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं. पण त्यांची जागा विसरू नका. पायरी. देवळापर्यंत या, पायरीशी थांबा. कॉलेजचा दाखला घेतलेलं आणि पहिल्या वर्षात नाव कमी झालेलं आपलं पोरगं मला त्या पायरीवरच दिसतं. व्यवस्था आता अंगावर ओरडत नाही. या म्हणते, फॉर्म भरा म्हणते, ॲडमिशन देते. आणि पायरीवर ठेवते.

आणखी एक कडू गोष्ट. आपण म्हणतो आपली पोरं. आपली म्हणजे कोणती? १९७२ च्या सुमारास सुमा चिटणीस यांनी मुंबईतल्या अनुसूचित जातींच्या कॉलेज विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की ही पोरं थोड्याच कॉलेजांत गोळा झालेली, बहुतेक कला शाखेत, आणि त्यांतली मोठी संख्या पूर्वाश्रमीच्या महारांची. त्यात आपली मेहनत आहे, बाबासाहेबांची चळवळ आहे, लाजायचं कारण नाही. पण मांगवाड्यातलं पोरगं, भंग्याचं पोरगं, चांभाराचं पोरगं त्या बाकावर का कमी होतं? आमच्या सहांत एकही मातंग नव्हता. तेव्हा ते आमच्या डोळ्यांना खुपलंसुद्धा नाही. आमच्यात एकही मुलगी नव्हती, तेही खुपलं नाही. ज्याला दुसऱ्याचं गाळणं दिसत नाही, त्याला स्वतःचं गाळणं किती दिवस दिसणार?

सवलतींची गोष्टही सरळ नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि कायद्याच्या यादीतून बाहेर पडलो. राज्यानं १९६० ला नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रानं बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला १९९० उजाडलं. माणूस तोच, वस्ती तीच, भाकर तीच, पण दाखल्यावर काय लिहायचं यावर पोराचं शिक्षण टांगलेलं. जुन्या माणसांना विचारा, दाखल्याच्या कागदासाठी तहसीलच्या किती पायऱ्या झिजवल्या ते.

आता आजचं बघू. नुसतं रडगाणं गाणं हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. त्यांनी आकडा मांडला, आपणही मांडू.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत २०२१-२२ ला देशात उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांत अनुसूचित जातींचे ६६ लाख २३ हजार. त्यांत मुली ३१ लाख ७१ हजार. दोन लाखांत एखादा, इथून हे इथवर आलं. हे कोणी दान दिलेलं नाही. आणि मुली निम्म्याला टेकल्या, हे तर आमच्या पिढीला खोटं वाटावं. माझी माय अंगठा लावायची.

त्याच पाहणीत नोंदणीचं प्रमाण दिलंय. अठरा ते तेवीस वयाच्या शंभर जणांमागे सगळ्या समाजात २८.४, अनुसूचित जातींत २५.९. दरी कमी झाली, असं वाचून आपल्याला बरं वाटतं. पण आकडा नीट वाचा. हा नोंदणीचा आकडा आहे. किती जणांची नावं लागली, एवढंच तो सांगतो. किती जणांनी पदवी घेतली ते तो सांगत नाही.

आणि जिथं सगळ्यात चढ आहे, त्या मोठ्या संस्थांचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की मागच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आय. आय. टी. आणि आय. आय. एम. मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांचे १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. त्यांत अनुसूचित जातींचे ३,६८०. केंद्रीय विद्यापीठांतून २,४२४, आय. आय. टी. तून १,०६८, आय. आय. एम. मधून १८८. सरकारचं म्हणणं, पोरं आपल्या मनानं दुसरीकडं जातात, त्यांना पर्याय असतात. काही जात असतीलही. पण ‘आपल्या मनानं’ हे शब्द वाचले की मला ती तांबडी रेघ दिसते. सतत गैरहजर. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला, त्याचीही शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने थांबलेली होती. दोन शेवटांच्या मधलं अंतर अजून आहे.

आमच्या गावात आता श्री व्यंकटेश महाविद्यालय आहे, अमरावती विद्यापीठाला जोडलेलं. हद्द ओलांडायची गरज राहिली नाही. शिष्यवृत्ती बँकेच्या खात्यात येते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून राज्याची स्वाधार योजना आहे, जेवणाचे-खोलीचे पैसे थेट खात्यावर. योजना चांगली आहे. बोर्डिंगमागचा विचार तिच्यात आहे. फक्त पैसा कोणत्या महिन्यात येतो ते बघत जा. मी रकमेआधी तारीख वाचतो.

मागच्या वर्षी शेडनेटकडून येत होतो. आमच्या भागात बियाण्याचा मोठा धंदा. टोमॅटो, मिरचीच्या फुलांचं क्रॉसिंग हातानं करावं लागतं, त्याला पोरापोरींचे बारीक हात लागतात. वस्तीतलं एक पोरगं तिथून बाहेर पडलं. मी विचारलं, “काय रे, कॉलेज नाही का आज?”

“ॲडमिशन हाये ना काका.”

“ॲडमिशन आहे, पण कॉलेज?”

हसलं. म्हणालं, “काका, ॲडमिशन हाये. परीक्षेला जातो ना मी.”

सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गांची मला तिथं रस्त्यात उभं राहून आठवण झाली. पोराच्या कामाचं घड्याळ आणि कॉलेजचं घड्याळ जुळत नाही, हा प्रश्न १९४६ ला बाबासाहेबांनी सोडवला होता. आमच्या तालुक्यात तो अजून कोणी हातात घेतलेला नाही. त्या पोराचं नाव नोंदणीच्या आकड्यात आहे. पदवीच्या आकड्यात येईल का?

आता आणखी एक नवी गोष्ट आलीय. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं एक वर्षानं बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, असं ठरवलंय. बाहेर पडून परत यायची मुभा आहे. हे मुळात वाईट नाही. लंडनच्या विद्यापीठानं बाबासाहेबांना परत यायची मुभा दिली नसती तर काय झालं असतं? पण बाबासाहेब परत गेले कारण त्यांनी पैसा उभा केला. मुभा म्हणजे पैसा नव्हे. उद्या गाळलेल्या पोराच्या हातात सर्टिफिकेट असेल, आणि अहवालात तो गळालेला दिसणारच नाही. भोक बुजणार नाही, भोकाचं नाव दार होईल. म्हणून मोजायचं काम आपण आत्ता केलं पाहिजे.

कसं मोजायचं ते सांगतो, अवघड नाही. आपापल्या कॉलेजात माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्यानं, अर्ज टाका. यंदाच्या पहिल्या वर्षाचा आणि यंदाच्याच शेवटच्या वर्षाचा आकडा शेजारी ठेवून वजाबाकी करू नका, ती फसवी असते. यंदा पहिल्या वर्षाला जास्त पोरं आली असतील तर गळती उगाच जास्त दिसते. एकच तुकडी धरा. तीन-चार वर्षांमागं पहिल्या वर्षाला किती आले, प्रवर्गवार, मुलं वेगळी, मुली वेगळ्या. त्याच तुकडीतले दुसऱ्या वर्षाला किती, शेवटच्याला किती, पास किती. नापास होऊन रेंगाळलेले वेगळे लिहा. दाखला काढून दुसऱ्या कॉलेजात गेलेले वेगळे लिहा. उरतील ते गाळलेले. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी जा. कोणत्या महिन्यात सुटलं, त्या महिन्यात काय घडलं, ते विचारा. मेस, खोली, काम, लग्न, आजारपण, इंग्रजी, वर्गातला टोमणा. एका वहीत लिहा. दहा घरं झाली की भोक तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहील.

आणि मोजताना मांगवाडा, भटक्यांची पालं, भंगी वस्ती सोडू नका. आमची चूक पुन्हा करू नका.

माझ्या सोबत्याकडं मी गेलो होतो. उशिरा गेलो, पण गेलो. पन्नाशी उलटली होती त्याची. सालदारकी कधीच सुटली होती, दोन एकर कोरडवाहू केली होती. शिष्यवृत्तीची गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली. नाव तीनदा पुकारलं, मी रांगेत होतो, बोललो नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, “किती होते रे पैसे?”

मी आकडा सांगितला.

तो मनातल्या मनात हिशोब करत बसला. गणितात तो अजून माझा गुरूच होता. म्हणाला, “मेसचं बिल भागून वर उरले असते.”

त्याची मुलगी एम. एस्सी. झाली, गणित घेऊन. हे मी गोष्ट गोड करायला सांगत नाही. एका पिढीचा उशीर झाला, तो कोणाच्या खात्यावर मांडायचा, एवढंच विचारतो. तुमच्या कॉलेजात यंदा नावं पुकारली जातील तेव्हा रांगेत उभे राहाल. जे नाव पुकारलं आणि जे पोरगं पुढं आलं नाही, ते लिहून घ्या. त्याच दिवशी त्याच्या गावची गाडी पकडा.